डावखुऱ्यांचा बंकर: वाळूतून बॉल बाहेर काढण्याची उलटी बाराखडी

गोल्फच्या मैदानावरच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पहिल्यांदा उतरले तेव्हा बाहेर यायला मला सात फटके लागले. दोन हवेत गेले, चार वाळूत रुतले आणि सातवा असा सुटला की ग्रीन (होलभोवतीचं तुळतुळीत गवत, जिथे झेंडा असतो) ओलांडून पलीकडच्या बंकरात जाऊन बसला. सोबतचे तिघेही उजवे. तिघांनी तीन सल्ले दिले: ‘डावा पाय रोवून ठेव’, ‘बॉल डाव्या टाचेसमोर घे’, ‘फेस उजवीकडे उघड’ (फेस म्हणजे बॉलला लागणारी काठीची सपाट बाजू). तिन्ही सल्ले बरोबरच होते, फक्त ते उजव्यांचे होते. मी डावखुरी. ऐकलं तसं केलं आणि खड्डा खणत बसले.

शेवटी आमची बॅग वाहणारे कॅडीकाका रेक, म्हणजे वाळू सारखी करायचं दाताळं, घेऊन जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, बॉलला मारूच नका. बॉलच्या मागच्या रेतीला मारा. रेती बाहेर जाईल, तिच्यासंगं बॉल जाईल.” त्या वाक्यात डावं नव्हतं, उजवं नव्हतं, म्हणून ते कळलं. पुढची दोन वर्षं मी सगळं शिक्षण असंच डावं-उजवं काढून टाकून पुन्हा मांडत गेले. तेच इथे देते आहे.

हा लेख गोल्फची पहिली पायरी नाही. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, महिना-दोन महिने जाऊन गवतावरचा बॉल बऱ्यापैकी उडवता येतो, पण वाळू दिसली की पोटात गोळा येतो, अशा डावखुऱ्यांसाठी तो आहे. इथे ‘क्लब’ हा शब्द मी फक्त संस्थेसाठी वापरते, खेळायच्या क्लबला सरळ काठी म्हणते. नाहीतर कुठला क्लब, या घोटाळ्यातच अर्धा वेळ जातो.

१. तुम्ही गोल्फपुरते डावखुरे आहात का, ते आधी बघा

आपल्याकडे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माझ्या आजीने ‘डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये’ म्हणत माझा घास उजव्या हातात आणून ठेवला, शाळेत बाईंनी पेन्सिल आणली. त्यामुळे मी जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने. पण चेंडू फेकते, केर काढते, खिळा ठोकते ते डाव्याने. हाताचं आणि खेळाचं गणित एकच असतं असंही नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅट धरली उजवी. गोल्फपटू फिल मिकलसनचं बरोबर उलट: बाकी सगळी कामं उजव्या हाताने, गोल्फ मात्र डावा. लहानपणी तो वडिलांच्या समोर उभा राहून, आरशात बघावं तसा त्यांचा स्विंग उचलत गेला. वडील उजवे, म्हणून मुलगा डावा.

तेव्हा घरातली लांब दांड्याची छत्री उलटी धरा आणि जमिनीवरचा लिंबू टोलवायचा आहे असं समजून न विचार करता फिरवा. दहा वेळा. कुठल्या बाजूने फिरते ते बघा. गल्ली क्रिकेटमध्ये डावी बॅटिंग करत असाल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे.

इथला सापळा म्हणजे दुकानदार. ‘डाव्या काठ्या मिळत नाहीत, उजव्यानेच सुरू करा’ हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. माझं मत स्पष्ट आहे. छत्री दोन्हीकडून सारखीच फिरत असेल आणि अजून एक पैसाही खर्च केला नसेल, तर खुशाल उजवे व्हा, आयुष्य सोपं होईल. पण डावीकडून फिरते तेव्हा अंग मोकळं वाटत असेल, तर कुणाच्या सोयीसाठी बदलू नका. बॉब चार्ल्सने १९६३ साली डाव्या हाताने ब्रिटिश ओपन जिंकली. पुढचा डावखुरा मेजर (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) विजेता, माइक वीअर, यायला २००३ उजाडलं. चाळीस वर्षं! त्यानंतर मिकलसन, बबा वॉटसन, २०२३ च्या ओपनला ब्रायन हार्मन अशी रीघ लागली. आता कुणी हसत नाही.

२. सामान: एक वेज, एक ग्लोव्ह, एक फडकं

बंकर शिकायला अख्खा सेट लागत नाही. लागते ती एक डावी सँड वेज, म्हणजे वाळूसाठीची काठी.

तिच्या तळावर किंवा मानेजवळ दोन आकडे कोरलेले असतात. पहिला लॉफ्ट, म्हणजे फेस किती मागे कललेला आहे. सँड वेजचा तो ५४ ते ५८ अंशांच्या दरम्यान असतो, ५६ घ्या. दुसरा आकडा बाउन्सचा आणि नवशिके तिकडे बघतच नाहीत. काठी जमिनीवर टेकवली की तिच्या बुडाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली दिसते. ती जितकी खाली, तितका बाउन्स जास्त. १० ते १४ अंशांचा बाउन्स सुरुवातीला बरा.

हे बूड काय करतं ते स्वयंपाकघरात बघा. तव्यावरच्या थालीपिठाखाली उलथणं घालताना टोक खाली दाबलं तर थालीपीठ फाटतं. उलथणं जरा आडवं धरून सरकवलं तर अख्खं सुटून येतं. बंकरमध्ये वाळू म्हणजे थालीपीठ. धार खाली खुपसली की काठी रुतते, बूड आधी लागलं की सरकते. गोल्फपटू जीन सॅरझनने जुन्या काठीच्या बुडाला धातूचा जाडसर थर डाखून आजच्या सँड वेजचं रूप घडवलं, आणि त्याच १९३२ साली ब्रिटिश ओपनही जिंकली. त्याआधीचे लोक धारदार काठ्यांनी वाळूशी कसे झगडले असतील, देव जाणे.

खरेदीतले सापळे तीन.

पहिला ग्लोव्हचा, मी स्वतः पडलेला. ग्लोव्ह वरच्या, म्हणजे काठीच्या टोकाकडच्या, हातात घालतात. डावखुऱ्याचा वरचा हात उजवा. म्हणजे आपल्याला उजव्या हाताचा ग्लोव्ह लागतो. पण पाकिटावर ‘लेफ्ट हँड’ वाचून आपण आनंदाने उचलतो आणि घरी येऊन बघतो तर तो डाव्या हातात बसणारा, म्हणजेच उजव्या खेळाडूचा. काठीवरचं ‘लेफ्ट’ खेळाडूबद्दल बोलतं, ग्लोव्हवरचं ‘लेफ्ट’ हाताबद्दल. बिल करायच्या आधी घालून बघा.

दुसरा ऑनलाइन फोटोचा. पानावर फोटो उजव्या काठीचा असतो आणि डावी-उजवी निवडायचा पर्याय खाली बारीक अक्षरात. ऑर्डरच्या शेवटच्या पानावर पुन्हा तपासा.

तिसरा दुसऱ्याची काठी मागण्याचा. डावखुऱ्याला मैदानावर उसनं काही मिळत नाही. वेज गाडीत राहिली तर राहिली. मी तर रेंजवर जाताना फक्त वेज घेते, जुन्या ओढणीत गुंडाळून. लोकलच्या लेडीज डब्यात पूर्ण बॅग घेऊन चढून बघा, मग कळेल का ते.

फडकं विसरू नका. फेसवरच्या खाचांत वाळू भरली की बॉलवर पकड राहत नाही.

३. डावा आणि उजवा हे शब्द टाकून द्या

हा या लेखाचा गाभा आहे. प्रो (गोल्फ शिकवणारे व्यावसायिक खेळाडू), व्हिडिओ, पुस्तकं, सोबतचे खेळाडू, सगळे डावा-उजवा बोलतात आणि प्रत्येक वेळी आपण मनात उलटं करत बसतो. बंकरमध्ये डोक्यात आधीच गोंधळ असतो, त्यात हे भाषांतर नको.

क्रिकेटने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ऑफ साइड कुठली? ते बॅट्समनवर ठरतं. डावखुरा वाडेकर खेळत असेल तर एक, उजवा गावसकर खेळत असेल तर दुसरी. कॉमेंटेटर डावी-उजवी म्हणतच नाही. गोल्फमध्येही तेच करा:

पुढचा पाय म्हणजे झेंड्याच्या बाजूचा. आपला उजवा.
मागचा पाय म्हणजे दुसरा. आपला डावा.
वरचा हात म्हणजे ग्रिपच्या टोकाकडचा. आपला उजवा.
खालचा हात आपला डावा.
फेस उघडणं म्हणजे तो आपल्या अंगापासून दूर, आकाशाकडे वळवणं.
फेस मिटणं म्हणजे तो आपल्याकडे वळवणं.

एवढं पाठ केलं की कुठल्याही उजव्या प्रोचं बोलणं चालतं. तो ‘डावा पाय’ म्हणाला की तुम्ही ‘पुढचा’ ऐका. प्रोला पहिल्याच दिवशी सांगून टाका की पुढचा-मागचा बोला. बहुतेक जण हसतात आणि ऐकतात.

डावखुऱ्याला एक फायदाही मिळतो, तो सोडू नका. उजवा प्रो तुमच्या समोरासमोर उभा राहिला की तो तुमचा आरसा होतो. उजव्या विद्यार्थ्याला हे सुख नाही. व्हिडिओ बघतानाही फोनच्या एडिटमध्ये चित्र आडवं उलटवण्याची सोय असते, ती वापरा. उजवा खेळाडू क्षणात डावा होतो. फक्त एक लक्षात ठेवा: उलटवलेल्या व्हिडिओतला आवाज उलटत नाही. माणूस दिसतो डावा आणि बोलतो उजवं. आवाज बंद करून बघा.

४. उभं कसं राहायचं

क्रम बदलू नका. मी बदलला होता, वर्षभर बॉल भलतीकडे जात होता.

आधी फेस उघडा, *मग* काठी धरा. नवशिके आधी धरतात आणि नंतर मनगटं वळवून फेस उघडतात. स्विंगमध्ये मनगटं आपल्या मूळ जागी परत येतात आणि फेस मिटतो. मोकळ्या हाताने काठी फिरवून फेस उघडा, घड्याळात एक वाजल्याइतका कललेला दिसला की पुरे (आपल्यासाठी अकरा म्हणा), आणि त्यावर ग्रिप बसवा. उघड्या फेसमुळे ते बूड वाळूला आधी लागतं, म्हणून हा खटाटोप.

फेस उघडला की तो झेंड्याच्या डावीकडे बघू लागतो. तोल साधायला पुढचा पाय थोडा आपल्या पाठीकडे ओढा. आता दोन्ही पायांना जोडणारी रेघ झेंड्याच्या जरा उजवीकडे जाते. स्विंग त्या पायांच्या रेघेवर करायचा. बॉल मधून, झेंड्याकडे निघतो. पहिल्यांदा हे अगदी खोटं वाटतं. शरीर ओरडत असतं की बॉल उजवीकडे जाणार. जात नाही.

बॉल पुढच्या पायाच्या टाचेसमोर, किंचित आत. अंगाचं वजन साधारण साठ टक्के पुढच्या पायावर आणि ते तिथेच ठेवायचं. मागे झुकून बॉल ‘उचलायला’ गेलात की संपलं. पाय हलवून वाळूत जरासे रोवा, बुटाचे तळवे बुडतील इतके. रोवल्यावर तुम्ही दोन बोटं खाली गेलात, म्हणून काठीही दोन बोटं खाली धरा.

पाय रोवताना वाळू कळते, हा एक कायदेशीर फायदा आहे. नियम वाळू तपासायला हात किंवा काठी लावू देत नाहीत, पण नीट उभं राहण्यासाठी पाय रोवायला परवानगी आहे. तळव्यांना काय लागतं तिकडे लक्ष द्या: भुसभुशीत की पत्रा.

५. फटका

पाचशेची नोट डोळ्यासमोर आणा. ती १५ सेंटिमीटर लांब असते. ती वाळूवर झेंड्याच्या दिशेने ठेवली आहे आणि बॉल तिच्या बरोब्बर मध्यावर आहे असं समजा. तुम्हाला नोट उचलून ग्रीनवर फेकायची आहे. म्हणजे काठी बॉलच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर वाळूत शिरते, खालून सरकते आणि पुढे बाहेर पडते. बॉलला काठी लागतच नाही. नजर बॉलवर नको, नोटेच्या मागच्या कडेवर ठेवा.

जोर किती? लाजू नका. मधे वाळू आहे, ती अर्ध्याहून जास्त जोर खाते. गवतावरून तीस यार्ड जाईल इतक्या जोराचा फटका वाळूतून साधारण दहा यार्ड जातो. नवशिक्यांचे बहुतेक बॉल बंकरमध्येच राहतात, कारण ग्रीन जवळ दिसते म्हणून हात मध्येच आखडतो. फॉलो-थ्रू पूर्ण करा, छातीचं तोंड झेंड्याकडे होईपर्यंत. छापील सूचना म्हणून हे एकच वाक्य खिशात ठेवलंत तरी चालेल: वाळूत थांबू नका.

एक धोका सांगते, कारण तो आपल्याशीच निगडित आहे. बॉल काठीच्या मानेला लागला की आडवा सुटतो. याला शँक म्हणतात. उजव्याचा शँक उजवीकडे जातो, आपला डावीकडे. उजव्यांबरोबर खेळून खेळून लोकांना सुरक्षित वाटणारी जागा नेमकी आपल्या शँकच्या रेषेत असते. मारण्याआधी मान वर करून बघा. समोर कुणी उभं असेल तर ‘जरा माझ्या पाठीमागे या’ म्हणा. कॅडीलाही म्हणा.

६. वाळू एक नसते, मुंबईत तर नसतेच

वरचं सगळं कोरड्या, मऊ वाळूसाठी. नोव्हेंबर ते मे तुम्हाला बहुतेक तीच भेटेल. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि सप्टेंबरपर्यंत बंकरचं रूपच बदलतं. वाळू ओली होऊन दबते, कडेची घसरून तळात जमा होते, मधे डबकं साठतं. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर वाळतो आणि खाली ओलंच राहतं. ही सगळ्यात फसवी वाळू: दिसते मऊ, लागते टणक.

*ओली, दबलेली वाळू.* इथे उघडा फेस घात करतो. बूड टणक थरावर आपटून उसळतं आणि धार बॉलच्या पोटात बसते, बॉल ग्रीनपार. म्हणून फेस जवळपास सरळ ठेवा, बॉलच्या मागे २-३ सेंटिमीटरवरच वाळू घ्या, जोर थोडा कमी. पिचिंग वेजही (सँड वेजपेक्षा कमी कललेली काठी) चालते, तिचा बाउन्स कमी असतो. आणि बंकरची झेंड्याकडची कड अगदी बसकी असेल तर सरळ पटर (ग्रीनवर बॉल गडगडत न्यायची काठी) काढा. टणक वाळूवरून बॉल गडगडत बाहेर येतो. लोक बघतात, बघू द्या. पावसाळ्यात मी किती स्ट्रोक, म्हणजे मोजले जाणारे फटके, असे वाचवलेत!

*रुतलेला बॉल.* उंचावरून पडलेला बॉल वाळूत अर्धा बुडून, भोवती कड करून बसतो. इंग्रजीत त्याला तळलेलं अंडं म्हणतात. आमचे कॅडीकाका ‘उखळात बसला’ म्हणतात, मला तेच आवडतं. इथे सरकवण्याचं शास्त्र गुंडाळून ठेवा. फेस सरळ किंवा किंचित मिटलेला, बॉल पायांच्या मध्यावर, काठी उभी उचलून बॉलच्या लगेच मागे खाली घाव. फॉलो-थ्रू होणार नाही, हरकत नाही. बॉल बाहेर येतो पण फिरकी नसल्याने लांब घरंगळतो. झेंड्याचा नाद सोडा, ग्रीनच्या मोठ्या बाजूकडे मारा.

*डबक्यातला बॉल.* पाण्यात उभं राहून शौर्य दाखवू नका. साचलेल्या पाण्यातून मोफत सुटका मिळते: बंकरमध्येच, झेंड्यापासून आणखी जवळ न जाता, कोरड्या जागी बॉल सोडता येतो. अख्खा बंकर भरला असेल तर आत जिथे पाणी सगळ्यात कमी तिथे सोडा, किंवा एक स्ट्रोक दंड घेऊन बंकरच्या बाहेर, बॉल आणि झेंडा यांच्या सरळ रेषेत मागे.

७. कडेचे बॉल: इथे उजव्यांचा सल्ला अजिबात घेऊ नका

झेंड्याकडे तोंड करून बंकरकडे बघा. उजवा खेळाडू बॉलच्या डाव्या बाजूला उभा राहतो, आपण उजव्या. त्यामुळे बॉल बंकरच्या उजव्या कडेला असेल तर उजव्याचे दोन्ही पाय आरामात वाळूत आणि आपले बाहेर गवतावर, बॉलपेक्षा उंच. तो म्हणेल ‘सोपा आहे’. त्याच्यासाठी आहेच.

बॉल पायांच्या खाली असला की गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवा, काठी टोकाला धरा आणि फटका संपेपर्यंत गुडघे तसेच ठेवा. मध्येच उठलात तर काठी बॉलच्या डोक्यावरून जाते. असा बॉल आपल्यासाठी डावीकडे जायला बघतो, म्हणून नेम थोडा उजवीकडे.

डाव्या कडेला असेल तर चित्र पालटतं. उजवा गवतावर धडपडतो आणि आपण वाळूत आरामात. अशा वेळी थोडं हसून घ्यायला हरकत नाही.

बॉल मागच्या कडेला चिकटलेला असेल, काठी मागे उचलायलाच जागा नसेल, तर दिशाच बदला. आडवा मारून बंकरच्या मधे आणा आणि पुढचा फटका नीट खेळा. माझे सात फटके अशाच एका हट्टातून झाले होते.

८. दंड कुठे बसतो

- बॉलच्या अगदी पुढे-मागे वाळूला काठी टेकवली, मागे उचलताना घासली, किंवा बंकरमध्ये सरावाचा स्विंग करताना वाळूला लावली: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो खेळ) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (होलगणिक हारजीत ठरते तो) होल गेलं. सराव बाहेर गवतावर करा.
- पानं, काड्या, खडे उचलायला २०१९ पासून परवानगी आहे. जुने मेंबर अजूनही ‘हात लावू नका’ म्हणतात, ते जुन्या नियमाने. फक्त उचलताना बॉल हलू देऊ नका, हलला तर दंड.
- बॉल खेळण्यासारखाच नसेल तर ‘अनप्लेएबल’ जाहीर करा. एक स्ट्रोक देऊन बंकरमध्येच दोन काठ्यांच्या अंतरात, झेंड्याच्या जवळ न जाता, सोडता येतो. दोन स्ट्रोक देऊन बंकरबाहेर मागच्या रेषेवर. चौथा फटका हुकल्यावर हे आठवण्यापेक्षा पहिल्याच्या आधी आठवावं.
- दमून काठीवर टेकलात किंवा वैतागून फटका झाल्यावर वाळूवर काठी आपटलीत तर दंड नाही. ही दया नियम करणाऱ्यांनी दाखवली आहे.

बाहेर येताना रेक फिरवा. उतरताना आणि चढताना नेहमी बसक्या बाजूने, उंच कड ढासळते.

९. बंकर नसताना सराव

मुंबईत रेंज मिळते, सरावाचा बंकर सहज मिळत नाही. मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ताडपत्री अंथरली, इमारतीच्या कामातून उरलेली रेती दोन घमेली टाकली आणि सेक्रेटरींना लेखी कळवलं की बॉल वापरणार नाही. ही अट पाळा. शेजारच्या विंगच्या काचा गोल्फ ओळखत नाहीत.

बॉल लागतही नाही. रेतीवर बोटाने आडवी रेघ ओढा, रेघ पुढच्या टाचेपासून जरा मागे येईल असे उभे राहा आणि स्विंग करा. काठीने रेतीत पडणारी घळ रेघेवर सुरू झाली पाहिजे. रेघेच्या मागे सुरू झाली तर वजन मागे राहिलं, खूप पुढे झाली तर तुम्ही झुकलात. रोज वीस घळी. महिन्याभरात घळ उथळ आणि लांब होत जाते, नोटेसारखी. तेव्हा खऱ्या बंकरात जा.

१०. कुठे, काय घेऊन

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, अठरा होलचा. ताडदेवजवळचा विलिंग्डन आणि कुलाब्याचा सैन्यदलांचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब हे शहरातले आणखी दोन. इथे ओळखीच्या मेंबरबरोबर पाहुणे म्हणूनच जाणं होतं. ओळख नसेल तर हार्बर लाइन धरा: सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स डोंगराच्या कुशीत आहे आणि मेंबर नसलेल्यांनाही फी भरून खेळता येतं. फी आणि वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा.

सोबत ठेवा: फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा अधिकृत आकडा) असेल तर त्याचं प्रमाणपत्र, यजमान मेंबरचं नाव आणि नंबर. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको, बुटांना मऊ स्पाइक. पावसाळ्यात दोन फडकी, एक प्लास्टिकच्या पिशवीत.

फोनवरच सांगा की डावखुरे आहात, आणि सरावाचा बंकर वापरता येतो का तेही विचारा. रेंजवर कोपऱ्यातली जागा मागून घ्या. सगळे उजवे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात आणि आपण त्यांच्याकडे. मधल्या जागेत शेजाऱ्याची आणि आपली नजरानजर होत राहते, आणि दोघांचेही बॉल बिघडतात.